तड्यावरची काचेची पट्टी

मी एक जुनी काचेची पट्टी आहे. बोटभर रुंद, वीतभर लांब. खिडकीचे तावदान कापून उरलेला तुकडा. काचवाल्याने मला कचऱ्यात टाकले होते. आर्किटेक्ट बाईंनी उचलून घेतले.

बाईंनी मला वाचनालयाच्या भिंतीवर, एका तड्यावर आडवे बसवले. दोन्ही टोकांना प्लॅस्टर थापले आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. "भिंत सरकली तर ही तडकेल," त्या वाचनालय सांभाळणाऱ्या काकांना म्हणाल्या. "तडकली की आधी मुलं बाहेर, मग मला फोन. तोवर टेबलं भिंतीपासून लांबच ठेवा."

मित्रांनो, मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! इमारत उभी राहिली की आर्किटेक्टचे काम संपले, असे लोक समजतात. बाई मात्र दर तीन महिन्यांनी यायच्या, चष्मा कपाळावर सरकवून मला न्याहाळायच्या. काका मला रोज पुसायचे. चार वर्षे सुखात गेली.

मग एका दुपारी भिंतीने मला दोन्हीकडून ओढले. फार नाही, केसभर. मी मधोमध तडकले.

काकांनी पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मैदानावरून चेंडू आला असणार पोरांचा," ते पुटपुटले. "उद्या बाई येणार. उगाच लेकरांना बोलणी बसायची!"

त्यांनी मला काढून टेबलाच्या खणात ठेवले आणि नवी पट्टी लावली. प्लॅस्टर फार पांढरे दिसते म्हणून त्यावर धूळ चोळली. कोणाचे वाईट व्हावे असे त्या भल्या माणसाच्या मनातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. "चार वर्षं झाली, भिंत जागची हललेली नाही," त्या हसून म्हणाल्या. "काका, आता टेबलं भिंतीलगत लावा खुशाल." मी खणात जिवाच्या आकांताने ओरडत होते. फुटक्या काचेचे कोण ऐकतो?

मित्रांनो, वस्तू तुटली की 'कोणी तोडली' एवढेच विचारू नका. ती का तुटली, हेही विचारा. आणि कोणाला वाचवायचे म्हणून खरे लपवू नका.

आज सकाळी नवी पट्टीही तडकली. मैदानावर तेव्हा चिटपाखरू नव्हते. काका तिसरी आणायला बाजारात गेले आहेत, आणि तुम्ही त्याच भिंतीला टेकून वाचत बसला आहात.

पुस्तक मिटा, मित्रांनो. ढकलाढकली करू नका, पण उठा.