थंडोबाची उबवणी

गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणत. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? पण नाव नुसतं धंद्यावरून पडलेलं नव्हतं, माणूसच तसा होता. कुणी गेल्याचं कळलं तरी "हं", कुणाचं लग्न ठरलं तरी "हं". त्याची बायको म्हणायची, "आमच्या ह्यांना राग आला की घरात स्वेटर घालावा लागतो." ती भारी बोलकी होती. दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलायची आणि त्यातूनही उरलेलं कोंबड्यांशी.

मग एका सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ती कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. ती दवाखान्यात असताना थंडोबाने एक शहाणपणा केला. कोंबड्यासकट सगळ्या कोंबड्या विकून टाकल्या. आजारी माणसाच्या घरात घाण नको, हे कारण. कारण चोख होतं, अक्कल तेवढी कमी पडली. महिन्याभराने तिला घरी आणलं, खिडकीपाशी खाट लावली. तिने पहिल्यांदा बाहेर पाहिलं. खुराड्याचं दार सताड उघडं होतं आणि आत नुसती पिसं. त्या दिवसापासून तिने नवऱ्याकडे बघणं सोडलं. तो समोर आला की नजर छताला.

थंडोबाला हे झोंबलं. बोलता येत नाही ते एक, पण बघायला काय जातं? डॉक्टर म्हणाले होते, "वाचा येईलही, नाहीही. मनाला उभारी मिळाली तर बघू." उभारी म्हणजे काय, हे थंडोबाने स्वतःच ठरवून टाकलं. पिल्लांची चिवचिव कानावर पडली की ती बोलेल. बाजारातून पिल्लं आणणं सोपं होतं, पण ती तिची थोडीच असणार? आणि तिच्या कोंबड्यांची शेवटची आठ अंडी घरात होती. विकायच्या वेळी त्याने तेवढी मात्र जिवापाड जपली होती. एकेक पुसून फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवलं होतं. थंडीत ठेवलेलं बिघडत नाही, हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलेला माणूस तो.

उबवणीच्या पेटीसाठी त्याला बाहेर जावं लागलं नाही. भंगारात काढलेला एक छोटा फ्रिज दारामागे पडून होता. त्याचा कॉम्प्रेसर काढून टाकला, आत पिवळा बल्ब बसवला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, खाली पाण्याची वाटी ठेवली. ऊब माणसाच्या अंगापेक्षा जराशी जास्त हवी होती. ऊब त्याहून वाढली की बल्ब विझावा आणि उतरली की लागावा, म्हणून तो थर्मोस्टॅटशी दोन दिवस झटापट करत होता. जी पेटी उष्णता बाहेर काढायला केलेली, तीत आता उष्णता कोंडायची होती. त्याचं त्यालाच हसू आलं. फ्रिज त्याने तिच्या खाटेशेजारी ठेवला. अंड्यांवर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि अंडी उलटायची वेळ चुकू नये म्हणून मोबाइलला अलार्म लावले.

अलार्म वाजला की हातातलं काम टाकून तो यायचा. फुल्या खाली, गोल वर. पुढच्या वेळी गोल खाली. मग फ्रिजचं दार लावून, इथवर आलोच आहोत तर, म्हणून बायकोचीही कूस बदलायचा. खरं तर हे दवाखान्यातल्या नर्सने घरी सोडतानाच बजावलं होतं, "आजोबा, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सडेल." पण तेव्हा अलार्म नव्हता. आठवण झाली तर बदलायचा, नाहीतर "झोपलीय, कशाला हलवा" म्हणत दुरुस्तीला बसायचा. तिच्या कमरेखाली जखम झाली होती. जखमेवर मलम फासलं की त्याचं कर्तव्य संपायचं. आता अंड्यांमागोमाग तिची पाळी ठरून गेली. पेटीतून काढलेले हातही गरम असायचे.

आठवडाभराने अंडी तपासायची म्हणून त्याने पडदा ओढला आणि बॅटरीसमोर एकेक अंडं धरलं. आतून सगळी स्वच्छ, सोनेरी दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला. कॉम्प्रेसरचं तेल तो असंच बघायचा. नितळ असलं म्हणजे ठणठणीत, काळपट असलं म्हणजे कारभार आटोपला.

"बघ गं," त्याने शेवटचं अंडं बॅटरीसकट तिच्यापुढे धरलं, "आठच्या आठ नितळ!"

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. उजेड डोळ्यांवर आला असेल, असं वाटून त्याने बॅटरी विझवली. पण पुढच्या अलार्मला तो कूस बदलायला वाकला, तेव्हा तिने डाव्या हाताने त्याचं मनगट क्षणभर धरलं आणि त्याच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी! त्या दिवशी थंडोबा चक्क शीळ घालत होता.

तीन आठवडे भरले. तो फ्रिजला कान लावून बसू लागला. पंख्याच्या घरघरीखेरीज काही नाही. आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मेहुणी बहिणीला भेटायला आली.

"दाजी, कसला वास येतोय?"

त्याने सगळं सांगितलं. मेहुणीही कोंबड्यांत वाढलेली. तिने एक अंडं उचलून कानाशी हलवलं, मागच्या दारी नेऊन फोडलं आणि नाकाला पदर लावला. आत नुसतं पिवळं पाणी होतं. जीव धरल्याची खूणसुद्धा नव्हती.

"बसवायच्या आधी ठेवली कुठं होती?"

"फ्रिजमध्ये. अगदी गार कप्प्यात."

"महिनाभर?" मेहुणीने कपाळावर हात मारला. "अहो दाजी, एवढं गारठल्यावर आत काय राहतंय? जीव धरलेलं अंडं आठवड्यात उजेडापुढं शिरांनी काळपट दिसतं, नितळ नाही. ताईनं जन्मात बसवायचं अंडं फ्रिजमध्ये ठेवू दिलं नाही. तिला तरी विचारायचं!"

"ती बोलते का?"

"बोलत नाही, पण नको म्हणायला हात आहे की. मघाशी चहा गोड लागला तर कप ढकलला माझा."

मेहुणी हात धुवायला गेली. थंडोबा खाटेजवळ आला. "तुला ठाऊक होतं?"

तिने मान हलवली. हो.

"मग मला थांबवलं का नाहीस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. डावा हात हळूहळू मागे नेला आणि कमरेखाली, जिथे जखम होती तिथे ठेवला. तिथे आता कोरडी खपली होती.

थंडोबाला कळायला वेळ लागला, पण कळलं ते पुरतं कळलं. तो अंड्यांसाठी धावत येत होता, तिच्यासाठी नव्हे. तिने ते ओळखलं होतं. मेलेली अंडी ती त्याला फिरवू देत होती, कारण त्यांच्या पाठोपाठ तिला कुशीवर वळवणारे हात येत होते. आयुष्यभर बोललेल्या बाईने एवढी एकच गोष्ट हातची राखून ठेवली होती. रडावंसं वाटलं, पण त्याची सवयच नव्हती.

उरलेली सात अंडी त्याने परसात पुरली. परत आला तेव्हा ती उघड्या दाराच्या, रिकाम्या फ्रिजकडे टक लावून बघत होती. तिला धास्ती वाटत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता हा येईल का, याची.

तेवढ्यात अलार्म वाजला. त्याने घाईघाईने हात धुतले आणि तिच्या खांद्याखाली घातले. गार पाण्याच्या स्पर्शाने तिने अंग आखडून घेतलं.

"थांब," तो म्हणाला.

त्याने फ्रिजमधला बल्ब लावला, दोन्ही हात त्याच्यासमोर धरले आणि ते तापेपर्यंत तिथेच उभा राहिला. खाटेवरून ती बघत होती.