घिवलीची चावी, मस्कतचं दार

मी एका पितळी कुलपाची चावी बोलतेय. घर घिवलीचं, मालकीण काशीबाई, आणि माझा मुक्काम तिच्या कनवटीला. चावी म्हटली की लोकांना वाटतं, हिचा दिवस कुलपं उघडण्यात जात असेल. कसलं काय! सगळं घर जत्रेला नाहीतर लग्नाला निघालं तरच माझी आठवण व्हायची.

घिवलीजवळ पॉवर स्टेशन सुरू झालं, बोईसरचा बाजार वाढला, तेव्हा काशीबाईने मला तिथे विकत घेतलं. सुकी मासळी विकणारी बाई ती. माझे दातसुद्धा तिने बोंबील पारखावे तसे पारखले. मग घिवलीला आले आणि पाहते तर काय, इथे दार सकाळी उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावरच लागतं. येणारी बाई ओट्यावरूनच हाक मारते, "काशे, हायस का गो?" आणि उत्तर यायच्या आत चुलीपाशी येऊन बसते. घरात कुणी असताना बाहेरून कुलूप घालणं तर अभद्रच. पाळण्यातलं तान्हं का असेना, माणूस ते माणूस. त्याच्यावर कुलूप घालायचं नाही.

काशीबाईची लेक मंजुळा शिकून नर्स झाली. जावई कमलाकांत वेल्डर. दोघं मस्कतला गेली आणि तिथेच देवू जन्मला. मंजुळाची रजा संपत आली तेव्हा पोराला सांभाळायला आईला बोलावणं आलं. काशीबाईचा नवरा दामू घर राखायला मागे राहिला. घर उघडंच होतं, माझं काही काम नव्हतं, तरी काशीबाईने मला कमरेला खोचलंच. माझ्याशिवाय तिला कंबर रिकामी वाटते.

मस्कतला मी पहिल्यांदा काय पाहिलं? दारं. माझा पिंडच तो. आणि खरं सांगते, मला तिथली दारं आवडली नाहीत. कडी नाही, कोयंडा नाही. दाराच्या डोक्यावर एक लोखंडी हात. तुम्ही आत या किंवा बाहेर जा, तो हात दार मागे ओढून घेतो आणि टक्कन कुलूप पडतं. कुलूप घालायला माणूस लागत नाही, हे मला फार अपमानाचं वाटलं. दाराच्या मधोमध एक भिंगाचा डोळा. आतले लोक त्यातून बघतात आणि वाटलं तर उघडतात.

बाकीचं घरही तसंच उफराटं. गार पाण्याचा नळ सोडला की दुपारी उन्हाने तापलेल्या पाण्याचा चटका बसायचा. शेगडीला जाळ नाही, नुसती काळी तबकडी. ती तापली कधी नि निवली कधी, कळायचं नाही. काशीबाई तिच्यावर हात धरून बघायची आणि पुटपुटायची, "जाळ दिसत नाय तं स्वयपाक कसा करायचा बायमानसानं?" खिडक्या बंद, थंड हवेचं यंत्र घोंघावत असायचं. भिंतीपलीकडे कोण राहतं हे मंजुळालाही ठाऊक नव्हतं.

कामाला जाताना मंजुळा रोज बजावायची, "आये, भायेर जाशील तं खुंटीवरची चावी घे हां."

"घेन गो बाय, घेन," काशीबाई म्हणायची. पण आत देवू असताना चावी कशाला लागेल, हे तिला उमगत नसे. मलाही नाही.

त्या दिवशी दुपारपासून देवूने रडून आकांत मांडला. दूध घेईना, खांद्यावर राहीना. काशीबाईने पोट चोळलं, टाळूला तेल घातलं. शेवटी तिने ठरवलं, पोराला दृष्ट लागलीय. दूध तबकडीवर तापत ठेवलं, मूठभर मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या आणि देवूवरून उतरवल्या. आता त्या टाकायच्या कुठे? घरी चूल असते. इथे जाळच नाही. मग उरला तिठा. दाराबाहेरच्या बोळाला दोन बोळ येऊन मिळत, तोच तिने तिठा मानला. दृष्ट टाकून परत येऊन हातपाय धुईपर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, हा नेम. देवूला गादीवर ठेवून ती मूठ मिटून निघाली. दार तिने उघडंच ठेवलं होतं.

मागे टक्कन आवाज झाला. मला तो कळला. तिला वळायचं नव्हतं.

मिरच्या टाकून ती परत आली तर दार बंद. तिने ढकललं. खांदा लावला. आतून देवूचं रडणं येत होतं, बारीक, लांबून आल्यासारखं. काशीबाईने घाईघाईने मला कमरेतून ओढलं आणि त्या दारावर धरलं. तिथे माझ्यासारखीला शिरायला जागाच नव्हती, एक बारीक चीर होती फक्त. तरी ती मला दाबत राहिली. माझा एक दात वाकला. मला दाताचं काही वाटलं नाही. आत पोर होतं आणि मी चावी असून कुचकामाची होते.

तिने समोरचं दार बडवलं. शेजारचं बडवलं. यंत्रांच्या आवाजात आत कुणाला ऐकू जाईना. दाराशेजारी घंटीचं बटण होतं, पण तिला ते दिव्याचं वाटलं. तोंडातून शब्द काढेना बिचारी. नेम मोडला तर पोराला बाधेल, ही भीती. तेवढ्यात दाराखालून करपल्याचा वास आला. दूध! आणि त्याच वेळी देवूचं रडणं थांबलं.

मग मात्र काशीबाईने नेम सोडला. हाक कुणाला मारणार? एकाचंही नाव माहीत नाही. तिच्या गळ्यातून निघाली ती बेटेगावच्या आळ्यांमधून मासळी विकत फिरतानाची आरोळी, "बोंबीलऽऽ घ्या गो, बोंबीऽऽल!" पुन्हा तीच, पुन्हा तीच. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात बोंबील.

दारं उघडली. एक मिसरी बाई धावत आली, इजिप्तची, हे मागाहून कळलं. खालचा वॉचमन वर आला. काशीबाईने त्याचे पायच धरले. "भैया, बच्चा अंदर हय! दरवाजा अपने आप बंद हो गया! मेरा बच्चा अंदर हय!"

त्याने कमरेची एक चावी काढली. त्या इमारतीतली सगळी दारं त्या एकाच चावीने उघडायची. दार उघडलं. मला तिचा हेवा वाटला नाही, पाया पडावंसं वाटलं.

आत धूर. काशीबाई धुरात शिरली. देवू गादीच्या कडेला पालथा पडला होता. तिने त्याला उचलून उलटसुलट केलं, छातीला कान लावला. रडून रडून झोपला होता पोरगा. मिसरी बाईने शेगडी बंद केली आणि काशीबाईला जवळ घेऊन कितीतरी वेळ थोपटत राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

मंजुळा आली. तिला सगळं कळलं. काशीबाई शिव्या खायच्या तयारीने बसली होती. मंजुळा रागावली नाही. तिने काळवंडलेलं पातेलं पाहिलं, देवूला पाहिलं आणि म्हणाली, "आये, तू याला घिवलीला घेऊन जा."

"आनि तू?"

"आमी येऊ की. करार संपला का येऊ."

करार संपला, वाढला, पुन्हा वाढला. घिवलीच्या घराला पक्क्या भिंती आल्या. देवू ओट्यावर रांगला, ओट्यावरूनच धावायला शिकला. फोटो दाखवून काशीबाई त्याला सांगायची, ही तुझी आई. तो मान डोलवायचा आणि पळायचा.

आज मंजुळा आलीय. आत्ताच, न कळवता. काशीबाई मागच्या अंगणात बोंबील वाळत घालतेय, मी तिच्या कमरेला. इथून घराच्या आरपार पुढचा ओटा सरळ दिसतो. दार सताड उघडं आहे. मंजुळा बॅग खाली ठेवून बाहेरच उभी राहिली आणि तिचं बोट चौकटीशेजारच्या भिंतीवर घंटीचं बटण शोधायला लागलं. देवूने तिला पाहिलं आणि आत वळून ओरडला, "आजे, कोनतरी बाय आलीय गो!"

काशीबाईचे हात थांबलेत. मंजुळाचं बोट तसंच भिंतीवर आहे.

मंजुळा, अगं उभी का राहिलीस? मला कुणाचं काही उघडता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण इथे कुलूप नाही गं. आत ये. त्याच्यावर रागावू नकोस. नुसती त्याच्याजवळ बस.