हक्कसोड

"हे पुस्तक मी मागच्याच आठवड्यात वाचून परत केलं," गीते मास्तर म्हणाले. "रावजी, लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?"

रावजी विधात्याने 'चुकलं' म्हणून पुस्तक परत घेतलं आणि तो पुन्हा वाचनालयाच्या कपाटांमध्ये शिरला. लक्ष कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते घरी पत्र्याच्या ट्रंकेत, बायको प्रतिभाच्या साड्यांखाली ठेवलेल्या एका पत्रापाशी होतं. गृहनिर्माण मंडळाचं पत्र. ते येऊन तीन आठवडे होत आले होते. कुणाचं साधं पोस्टकार्ड आलं तरी त्याच संध्याकाळी उत्तर टाकणारा माणूस, पण या पत्राला त्याने अजून एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं.

अर्ज केला तो एक्क्याण्णव साली. अल्प उत्पन्न गट, सरकारी दरातलं घर. सोडतीत नाव निघालं नाही, प्रतीक्षायादीत लागलं. तेव्हापासून दर दिवाळीआधी मंडळाच्या कार्यालयात जायचं, फळ्यावरच्या यादीत आपलं नाव शोधायचं आणि घरी येऊन सांगायचं, हा नेमच झाला होता. "यंदा दोघं सरकले? म्हणजे साठीला आपण घरात, आणि लगेच काठी शोधायला बाहेर," प्रतिभा म्हणायची. बोलता बोलता तिचा पाय शिलाई मशीनवर चालूच असायचा. पंचवटीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत मशीन उघडलं की अंथरूण मावत नसे, आणि अंथरूण घातलं की मशीन बंद. साड्यांना फॉल-पिको करून तिने घर ओढलं होतं. मुलगी निकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा पाळणा टांगायला जागाच निघेना. पंधरा दिवसांत सासरचे येऊन तिला नाशिक रोडला घेऊन गेले. त्या दिवशी मात्र प्रतिभाने कसलीही थट्टा केली नव्हती.

आणि आता, दोन हजार तीनच्या जानेवारीत, वरचं कुणीतरी गळालं आणि रावजीचा नंबर लागला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास आत. महिनाअखेरपर्यंत संमती कळवायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं की, महापालिकेच्या हद्दीत माझ्या किंवा पत्नीच्या नावे घर अथवा घरात हिस्सा नाही.

अडलं होतं ते इथे. अर्ज केला तेव्हा त्याच्या नावावर खरोखरच काही नव्हतं. पण सत्त्याण्णव साली वडील गेले आणि मखमलाबादच्या घराच्या उताऱ्यावर दोन्ही मुलांची नावं लागली. थोरला बहिरू आणि धाकटा रावजी. मखमलाबादला गाव म्हणायची सवय होती, पण ते होतं महापालिकेतच. ज्या घरात रावजी वीस वर्षं झोपला नव्हता, त्या घराचा तो अर्धा मालक होता.

वाट दाखवायला बहिरू आपण होऊन आला. येताना टोपलीभर द्राक्षं आणली होती. प्रतिभाने चहा टाकला. भिंतीला टेकून बसत त्याने खोलीभर नजर फिरवली आणि आपल्या भावजयीची या कोंडवाड्यातून एकदाची सुटका झाली पाहिजे, असं दोनतीनदा म्हणाला. मग मुद्द्यावर आला.

"वकिलाला इचारून आलोय. हक्कसोड करायचं. तुझा हिस्सा माझ्या नावानं सोडायचा. एका दिवसाचं काम. दुपारी सही, संध्याकाळी तू बिनघरचा." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. "बिनघरचा झाला की मंडळ घर देतंय. असलं सरकार हाय."

प्रतिभाही हसली. रावजीने पाहिलं, ती फार दिवसांनी अशी हसत होती.

"आणि दादा, अक्का?" त्याने विचारलं. त्यांची बहीण त्याच घरात राहत होती.

"अक्काचं काय? मी काय तिला रस्त्यावर काढतो का? कुंभमेळ्याच्या आधी रस्ता रुंद होतोय. पुढच्या खोल्या पाडून गाळे काढायचेत. मळ्यात विहिरीच्या मोटारीची खोली हाय ना, नवे पत्रे टाकून देतो. लय झ्याक राहील ती."

चहा बशीत ओतून घेत तो पुढे म्हणाला, "आन हिस्सा लपवून खोटं लिहून द्यायचा इचार असंल, तर पहिला तक्रार अर्ज माझा येईल हां." हेही तो हसतच म्हणाला, पण बोलताना त्याची नजर बशीत होती.

बहिरू गेल्यावर प्रतिभाने द्राक्षं धुतली आणि एक घोस रावजीपुढे ठेवला. "करून टाका," ती म्हणाली. "तुम्हाला त्या घराचं कधी काय लागलंय?" तिचं बोलणं खोटं नव्हतं. रावजी रात्रभर कूस बदलत राहिला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्याने जुन्या कार्डांच्या पाठीवर संमतीचे तीन मसुदे लिहिले आणि तिन्ही फाडले. एकात 'सबब' दोनदा आलं होतं, म्हणून फाडलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

रविवारी तो मखमलाबादला गेला. चंद्रभागा अक्का ओट्यावर शेवंतीचा हार ओवत बसली होती. ती दोघा भावांपेक्षा मोठी. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी आली, मळ्यात राबली, फुलबाजारात पाटी घेऊन बसली, आईचं आणि मग वडिलांचं सगळं अंथरुणातलं तिनेच केलं. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा रीतीप्रमाणे तिने हक्कसोड केलं. बाप गेल्यावर बहिणीने भावांच्या नावे आपला हक्क सोडायचा, भावांनी तिला साडीचोळी करायची. हे कुणी मागत नाही आणि कुणी नाकारतही नाही. जी नाकारते तिला माहेर उरत नाही. अक्काला तर माहेराशिवाय दुसरं काही नव्हतंच. तिने अंगठा उठवला आणि घरी येऊन सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली.

"बहिरू बोलला मला," रावजी टेकायच्या आतच ती म्हणाली. "तुझी पाळी आली म्हण की हक्कसोडाची. मला निळ्या काठाची साडी घेतली होती. तुला काय घेतोय? धोतरजोडी माग. चांगल्यातली माग. माझा नुसता अंगठा होता, तुझी सही हाय."

रावजीला हसू आलं. मग त्याने विचारलं,

"तू मळ्यात राहशील?"

"राहीन की. झेंडू तिथं, मी तिथं. रोजचा हेलपाटा वाचला." तिने गाठ मारून दोरा दाताने तोडला. "रात्री मोटार चालू असली की तेवढाच आवाज असतो सोबतीला."

रावजी पाणी प्यायला आत गेला. भिंतीवरची फळी रिकामी होती. पितळी डबे, तांबे, आईचं घंगाळ, सगळं खाली एका पाटीत रचून ठेवलेलं होतं, वर फडकं टाकून. बाहेर येऊन त्याने विचारलं, ही भांडी कशाला काढलीस?

"घासायला," अक्का म्हणाली. सुई चालूच होती. "तू ऱ्हा नव्या घरात. प्रतिभाची मान मोडली त्या मशीनवर. माझ्याकडं बघून अडू नको. मी कुणाच्या आड आले नाय कधी."

परतताना तो बसमध्ये चढला नाही, पंचवटीपर्यंत चालत आला. चालता चालता त्याच्या डोक्यात एक गोष्ट जमत गेली. ती इतकी सोपी होती की आधी कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटलं. हक्क सोडायचाच ना? मग तो बहिरूच्या नावे कशाला, अक्काच्या नावे सोडावा. उताऱ्यावरचं आपलं नाव जाईल, मंडळाला खरं लिहून देता येईल, अक्काच्या खोल्यांना कुणी हात लावणार नाही. बहिरू बोलेनासा होईल, पण तो आजवर तरी काय बोलत होता? इतकं सरळ काही आपल्याला सुचतं, यावर त्याचा पुरता विश्वास बसेना. म्हणून घरी तो काही बोलला नाही.

सोमवारी वाचनालयात सांगून तो नोंदणी कार्यालयात गेला. बाहेर पत्र्याच्या आडोशाला दस्तलेखक टाइपरायटर मांडून बसत. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यापुढे तो बसला.

"हक्कसोड कुणाच्या नावे?" म्हाताऱ्याने कागद चढवत विचारलं.

"बहिणीच्या."

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "उताऱ्यावर नाव आहे का बहिणीचं?"

"नाही. तिने आम्हा भावांच्या नावे हक्कसोड केलं होतं. वडील गेले तेव्हा."

"मग नाही व्हायचं काका." त्याने कागद परत काढून घेतला. "हक्क सोडायचा तो हिस्सेदाराच्या नावे. तुमची बहीण आता हिस्सेदार नाही. कागदाने बघाल तर त्या घरात ती पाहुणी आहे."

दुसरा उपाय होता. बक्षीसपत्र. पण त्याला हिश्शाची मोजणी हवी, नकाशा हवा, नवा उतारा हवा, आणि मोजणीला भाऊ आडवा आला तर आणखी तारखा. तीन महिने धरून चाला, म्हातारा म्हणाला. त्याला काय झालंय हे बहुधा समजलं असावं, कारण त्याने बोलण्याचे पैसे घेतले नाहीत. रावजीने तिथेच मोजणीचा अर्ज लिहून घेतला आणि तिथून सरळ मंडळाच्या कार्यालयात गेला.

तिथला कारकून वयाने लहान होता, पण चांगला वागला. मुदत वाढवणं माझ्या हातात नाही, साहेबांच्याही नाही, म्हणाला. संमती द्या किंवा नकार द्या. काहीच कळवलं नाही तर प्रकरण पडून राहतं, मग स्मरणपत्रं, मग साहेबांची सही, सहा-आठ महिने घर तसंच कुलपात. "नकार लेखी आला तर त्याच आठवड्यात पुढच्याला पत्र जातं. तुमच्यामागे पेठकडच्या एक बाई आहेत. महिन्यातून एकदा येतात, त्या बाकावर बसतात." रावजीने बाकाकडे पाहिलं. त्यावर त्या वेळी कुणीच नव्हतं.

घरी पोचला तेव्हा प्रतिभा एका अबोली साडीचा काठ मशीनखालून सरकवत होती. त्याने सगळं सांगितलं. बक्षीसपत्र, मोजणी, मुदत. अक्काच्या रिकाम्या फळीचंही सांगितलं. त्याला सांगता येत नसे. मधेच वाक्य तुटायचं, मग तो मागून सुरू करायचा. तरी मशीन थांबलं नाही. फक्त दस्तलेखक म्हणाला ते 'पाहुणी' त्याने उच्चारलं, तेव्हा तिचा पाय थांबला.

साडी मशीनवरून काढून तिने घडी घातली. घडी वाकडी आली, म्हणून मोडून पुन्हा घातली.

"मनमाडला, माहेरी, मीही सही केलीय," ती म्हणाली. "आप्पा गेल्यावर. भावाने जांभळी साडी दिली होती. तिला मी स्वतः फॉल लावला." मग ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला लागली. त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "दादांच्या कागदावर सही करू नका."

"मग घर जाईल, प्रतिभा."

"जाईल ते कळतं मला." भांड्यावर चमचा वाजला. "पण उद्या कुणाला सांगू नका, की माझी बायको मोठ्या मनाची, तीच हो म्हणाली. मी हो म्हटलेलं नाही. मला ते घर पाहिजे होतं. निकिताच्या दुसऱ्या वेळेला पाळणा कुठे टांगायचा, हे मी ठरवून ठेवलं होतं. एवढंच, की त्या कागदावर सही करू नका."

रावजीला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. हे बरं दिसेल का, ती झटकून टाकेल का, या विचारात चहा उकळून उतरलाही.

त्या रात्री त्याने उत्तर लिहिलं. एकदाच लिहिलं. मखमलाबाद येथील घरात माझा हिस्सा असल्याने आजच्या तारखेस मी पात्र नाही, तरी प्रतीक्षायादीतील पुढील अर्जदारास संधी द्यावी. वाचून पाहिलं तर 'सबब' एकदाही आलेलं नव्हतं.

सकाळी तो पोस्टात निघाला तेव्हा प्रतिभाही पिशवीत साड्या भरून सोबत निघाली. गिऱ्हाईकाला द्यायच्या आहेत, वाटेवरच आहे, म्हणाली. वाटेत बहिरूला सांगायचं कुणी, एवढं फक्त तिने विचारलं. रावजी म्हणाला, मीच सांगेन. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. तिने वळून पाहिलं आणि पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

रजिस्टरच्या खिडकीपुढे रांग होती. रावजीचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं.

"पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय."

त्याने पाकीट परत घेतलं. डावा कोपरा खरोखरच कोरा होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडून हे कधी झालं नव्हतं. मागच्या माणसाने चुळबूळ केली. प्रतिभा शेजारी येऊन उभी राहिली. रावजीने पेन उघडलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली 'द्वारा' लिहिलं, आणि त्यापुढे घरमालकाचं नाव नेहमीपेक्षा सावकाश, वळणदार अक्षरात लिहून पाकीट आत सरकवलं.

बाईंनी शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

"पुढचे या," त्या म्हणाल्या.

रावजी बाजूला झाला.