मागच्या बाजूचं तोंड

"ठेव तुह्यापाशीच," मी मिथुनला म्हटलं. "वाघ का दूधपितं लेकरू हाये, प्लास्टिकच्या तोंडाले भ्याले?"

मिथुन आमच्याकडचा वनरक्षक. मुखवट्यांचं पोतं माझ्या ओसरीवर टेकवून घाम पुसत उभा होता. मोहफुलं पडायला लागली की जंगलखातं हे पोतं पाठवतं. मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. फुलं वेचायला वाकलेल्या माणसाला वाघ मागून धरतो. मागंही तोंड दिसलं तर बिचकतो म्हणे.

"बाई, तुमी घातला तं बाकीच्या घालतीन. तुमचं ऐकते गाव."

"बायनाबाई, तुमच्या बुढ्यानं घातला नोयता का?" लच्छूची बायको मैना अंगणातून म्हणाली. "तरी नेलाच वाघानं. कायचा उपयोग?"

बुढा म्हणजे माझा नवरा, बापूराव. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. तीन वर्षं या गावात कोणी मुखवटा बांधत नाही, ते माझ्या शब्दावर. माझ्या शब्दाला वजन आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यानं अस्वल हाकललेली बाई मी. मिथुन पोतं तिथंच टाकून गेला.

दुपारी न्हाणीतून आले, तर चुलीपाशी एक माणूस माझ्याकडे पाहत होता. पांढरं तोंड, काळ्या मिशा, डोळ्यांच्या जागी भोकं. हातातला गडवा सुटला आणि मी अशी किंचाळले, की दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं.

माणूस वळला. ती माझी सून हर्षा होती. गंमत म्हणून मागं बांधला होता तिनं.

"आत्याबाई, तुमी भेल्या?"

"भेते तुही माय."

"थरथरून राह्यल्या ना पण. बसा इथी."

मग सांगावं लागलं. माझं लग्न नवं होतं, आम्ही दोघं वडशाला माझ्या माहेरी गेलो होतो. भावानं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. खुनाचा पिक्चर, तोही भाग दोन. पहिला कोणी पाहिलाच नव्हता. पहिल्या भागात जाळून मारलेला माणूस म्हणे दुसऱ्यात परत येतो, तोंडाला असाच पांढरा मुखवटा, आणि धानगिरणीतल्या बायांना मागून विळ्यानं कापतो. एकही बाई मागं वळून पाहत नाही. मी बापूरावच्या सदऱ्यात तोंड खुपसलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. पुढं जन्मभर त्या माणसापाशी मला हरवायचं एवढंच हत्यार होतं. मागून यायचा आणि कानात म्हणायचा, "भाग दोन." पण कधी चारचौघांत नाही. तेवढी त्याची माणुसकी.

हर्षानं मोबाइलवर तो पिक्चर शोधून काढला. त्याचं नाव मी सांगणार नाही, फुकटची जाहिरात कशाला?

"पाहा आता. भर उन्हाचं कोण येते कापाले?"

पाहिला. सगळा पाहिला. रक्त म्हणजे पळसफुलाचं पाणी. विळा मानेला लागला की वाकायचा. खुन्याच्या मनगटावर घड्याळ, आणि कानावर मुखवट्याचं पांढरं इलास्टिक, ढिलं झालेलं. हर्षा पोट धरधरून हसली.

"याले भेत होत्या तुमी?"

मला हसू आलं नाही. मला जळक्या प्लास्टिकचा वास आला.

तीन वर्षांपूर्वी बापूराव असाच मुखवटा घेऊन आला होता. सोमवार होता. डोक्यामागं बांधून, माझ्याकडे पाठ करून दारात उभा राहिला. "भाग दोन," म्हणाला. मी मुखवटा ओढला आणि चुलीत घातला. वर भात शिजत होता, त्याला तो वास लागला. बापूराव मुकाट जेवला. गुरुवारी मोहाखाली वाकलेला असताना वाघानं त्याला मानेलाच धरलं. पंचनाम्याच्या वेळी साहेबानं विचारलं, मुखवटा होता का? सगळं गाव ऐकत उभं होतं. मी म्हटलं, "होता. वाघानं तोही नेला."

हर्षानं मुखवटा परत पोत्यात टाकला. "मामाजीनं घालून काय झालं? उद्या जाऊ आपण असंच."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाया टोपल्या घेऊन माझ्या अंगणात जमल्या. मी पोतं उपडं केलं.

"बांधा."

"काऊन?" मैना म्हणाली. "काल तं तुमीच मिथुनले हाकललं."

"माह्या बुढ्याच्या डोक्यावर मुखवटा नोयता. मीच चुलीत घातला होता. साहेबाले खोटं सांगितलं मी."

मैनेनं टोपली खाली ठेवली.

"तीन वर्सं?" मैनेचा आवाज चिरकला. "माही पोरगी जाते जंगलात, बायनाबाई. तुमच्या भरवशावर बिन मुखवट्याची जाते."

"म्हणून तं सांगून राह्यली. बोंबलू नको, बांध."

ती थुंकली. माझ्या सारवलेल्या अंगणात. एरवी मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. मी पायानं माती लोटली त्यावर.

"त्या पिक्चरपाई जाळला?" हर्षानं विचारलं.

"हो."

तिनं आपला मुखवटा बांधला. गाठ पाहायला मी हात पुढं केला, तर तिनं डोकं बाजूला घेतलं.

सगळ्यांनी बांधले. मला कोणी दिला नाही. मीही मागितला नाही. जंगलात शिरताना पुढं चालायची जागा माझी. तिथं आज मैना जाऊन उभी राहिली. मी शेवटी राहिले, उघड्या मानेनं.

मोहापर्यंतच्या वाटेनं ती सगळी पांढरी तोंडं माझ्याकडे पाहत चालली. मी नजर खाली घातली नाही. एकेक करून सगळ्या मुखवट्यांच्या डोळ्यांत पाहिलं, हर्षाच्याही.

नाल्याच्या पलीकडे माझ्यामागं पाला वाजला. पुढच्या बायांना ऐकू गेलं नसावं. मी वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

थोडा वेळ थांबले तिथंच, कान देऊन. मग टोपली डोक्यावर घेतली आणि त्यांच्या मागं निघाले.