न धुतलेली काथवट

मित्रांनो, माझ्या तळाला चिकटलेली आंबट खरवड पाहून नाक मुरडू नका. तीच माझी दौलत आहे. मी कणीक मळायची एक जुनी काथवट. स्वीडनमधल्या स्मोलंड प्रांतात बर्च झाडाच्या ओंडक्यातून मला कोरले. माझ्यात राय नावाच्या धान्याचे पीठ मळायचे, पाव भाजायचे आणि मला तसेच, न धुता, झाकून ठेवायचे, अशी तिकडची रीत. मागची खरवडच पुढचे पीठ फुगवते.

बोटिल्डाच्या आईने लेकीला निरोप देताना मला तिच्या हाती दिले आणि एवढेच सांगितले, "हिला पाणी लावू नकोस." मग बोटिल्डा, तिचा नवरा योन्स आणि मी जहाजाने अमेरिकेला निघालो. वाटेत बोटिल्डाने ओकून ओकून अंथरूण धरले. मी मात्र ठणठणीत होते. मिनेसोटातल्या लाकडी खोपटात पहिला पाव फुगला, तेव्हा ती माझ्यावर डोके टेकून रडली. आई समुद्रापलीकडे राहिली होती. तिच्या हातची चव तेवढी माझ्यात होती.

पुढे पाद्रीबाबांचा फेरा आला. ते एकेका घरी बसून सगळ्या वस्तीचे धर्माचे पाठांतर तपासत, आणि परीक्षेनंतर जेवण असे. यंदा घर आमचे होते. योन्सला पाठांतराचा एक शब्द येत नव्हता, म्हणून त्याने निदान घर तरी चकाचक करायचे ठरवले. बोटिल्डा दूध काढायला गेली आणि गडी पेटला. भिंती घासल्या, बाकडी घासली, मांजर घासले आणि शेवटी मला धरले. उकळते पाणी, राख, वाळू! मी इतकी पांढरीफटक कधीच नव्हते.

बोटिल्डा दारातच थिजली.

"अहो, काय केलंत हे?"

"लख्ख केली! केवढी घाण होती गं, सुरीने खरवडावी लागली."

"ती घाण नव्हती, माझं माहेर होतं!"

योन्सचा चेहरा पडला. "मग... मक्याची भाकरी करू या?"

"तुमच्याच डोक्यावर थापते!" असे म्हणत ती माझ्याजवळ मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

योन्स गुपचूप शेजारच्या सिसाकडे गेला. सिसा त्याच जहाजाने आलेली. पण तिच्या डुकराने आमचे सलगम उकरल्यापासून दोघी बायकांचे बोलणे बंद होते. तरी ती स्वतः आली. हातात झाकलेला वाडगा, त्यात आंबवलेले पीठ.

"तुझं नको मला," बोटिल्डा फणकारली.

"माझं कुठाय? तुझंच आहे. जहाजावर तू आडवी झाली होतीस ना, तेव्हा खरवडून घेतलं. माझं आंबवण बुरशीनं गेलं होतं."

"चोरटी कुठली!"

"चोरटी तर चोरटी. घे आता."

खरे होते ते. तिचा चमचा फिरला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या. पण काथवटीला कोण विचारतो?

बोटिल्डाने बोट बुडवून चाटले. "आईचंच," ती पुटपुटली आणि सिसाच्या गळ्यात पडली. डुकराचे भांडण दोघींनी सोमवारवर टाकले. परीक्षेत योन्स साफ नापास झाला; पण पावाचा तिसरा तुकडा घेताना पाद्रीबाबा ते विसरून गेले.

मित्रांनो, इतर भांडी म्हणतात, आम्हाला स्वच्छ ठेवा. माझे मागणे उलटे आहे. मला धुऊ नका. आणि शेजारणीला आंबवण हवे असेल, तर भांडण बाजूला ठेवून मूठभर द्या. ज्या दिवशी कुणी आपल्या घरचे घासूनपुसून टाकील, त्या दिवशी ते तिच्या घरी फुगत असेल.