याहीच्या ताटातली जेली

धुळ्याचे रुपचंदनाना स्त्रीशिक्षणावर बोलायला उभे राहिले की दोन तास खाली बसत नसत. सभेत बाई औषधालाही नसायची, पण बायकांना शिकवा हे ते इतक्या कळवळ्यानं सांगायचे की पुरुषांचे डोळे पाणावायचे. मग टाळ्या व्हायच्या, हार पडायचा आणि नाना घरी जाऊन जेवायला बसायचे. बायको वाढायची. ती स्वतः कुठवर शिकली, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला असलं क्षुल्लक काही विचारायचं नसतं.

मला हे ठाऊक, कारण माझं माहेर धुळ्याचं आणि नानांच्या मागच्याच गल्लीतलं. लग्न होऊन मी पांझरेकाठच्या या खेड्यात आले, चुडामण पाटलांची सून झाले. सासऱ्यांना बठ्ठं गाव आबा म्हणतं. आबांना सहीपुरतं लिहिता येतं, आणि बोलायचं म्हणाल तर बैलांशी जास्त बोलतात, माणसांशी कमी.

माझी नणंद प्रमिला मात्र वेगळी निपजली. गावच्या शाळेत पोरांच्या मागं पोत्यावर बसून तिनं मराठी सातवी पुरी केली. तिला पुढं ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, तेही चुलीपुढं, फुंकणीच्या आवाजात. दुकानातून मिठाची पुडी आली की ती आधी कागद सोडून वाचायची. अशाच एका पुडीच्या कागदावर नानांचं भाषण छापून आलं होतं. पोरगी ते वाचून अशी काही हरखली की त्या दिवशी भाजीत मीठ पडलंच नाही.

आणि देवाची करणी अशी, की चारच महिन्यांनी नानांच्या मुलाचं, अभिमनचं, स्थळ प्रमिलेला सांगून आलं.

स्थळ आणलं झुलालमामांनी. हे माझ्या सासूबाईंचे भाऊ. खान्देशातली निम्मी लग्नं आपण जुळवली असं ते सांगतात. मोडलेल्यांचा हिशेब ठेवत नाहीत. ओसरीवर बसून ते म्हणाले, "नाना मोठा माणूस शे. हुंडा नको, मानपान नको. फक्त पोरले जेली येवाले पाहिजे."

आबांनी बराच विचार केला. "जेली म्हंजे काय शे, भाऊ?"

मामांना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. "विलायती शिक्षण शे ते," मामा म्हणाले. "मोठमोठ्या घरन्या बाया शिकतस."

खरी गोष्ट मला पुढं माहेरी कळली. कुणा साहेबाच्या मडमेनं धुळ्यात फुलांपासून घरच्या घरी जेली कशी करावी यावर व्याख्यान दिलं होतं. अध्यक्षस्थानी नाना. व्याख्यान सगळं इंग्रजीत. अध्यक्षांना त्यातला जेली हा एकच शब्द धरता आला, पण धरला तो घट्ट धरला. सून आणीन तर जेली येणारी आणीन, असं त्यांनी आभाराच्या भाषणातच जाहीर करून टाकलं. सातवी पास हवी, असं मात्र जाहीर करायचं राहून गेलं.

प्रमिला मला म्हणाली, "वहिनी, त्या घरात गेले तर शिकायला मिळेल. तेवढी जेली जमली पाहिजे."

पोरीच्या डोळ्यांत असा काही उजेड होता की मला तो विझवायचा धीर झाला नाही. आईला बरं नाही म्हणून मी दोन दिवस माहेरी गेले. आई चांगली ठणठणीत होती, पण सुनेला माहेरी जायचं तर कुणाला तरी आजारी पाडावं लागतं. माहेरच्या गल्लीच्या टोकाला हसीनाबी राहायच्या. त्यांचे मालक खाजामिया डाकबंगल्यावर खानसामा होते. साहेबलोकांसाठी दरवर्षी लाल अंबाडीच्या फुलांची जेली त्यांच्याच घरी व्हायची.

मला हसू आलं. लाल अंबाडी! आमच्या शेताच्या बांधाला ती अशी माजते की शेळ्यासुद्धा कंटाळतात. पिवळी पाकळी गळून गेली की खाली जाड, आंबट, लालभडक फूल उरतं. त्याची आम्ही चटणी करतो. त्यातून विलायती शिक्षण निघतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हसीनाबींनी कृती सांगितली. बोंडातलं बी काढून फुलं पाण्यात मऊ शिजवायची. कापडात बांधून टांगून ठेवायची. गळेल तेवढ्या रसाला तितकीच साखर घालून आटवायची. थेंब गार थाळीत टाकून बोटानं ढकलायचा. त्याला सुरकुती पडली की उतरवायची. "आणि कापड पिळू नको, बेटा," त्या म्हणाल्या. "साहेब बाटली उजेडात धरून बघायचा. गढूळ दिसली की आमच्या खानदानाचा उद्धार."

घरी आल्यावर आम्ही नणंद-भावजयी कामाला लागलो. पहिल्या खेपेला सासूबाई मंजुळाबाई मध्ये पडल्या. साखरेपेक्षा गूळ अंगाला चांगला, म्हणून त्यांनी आमच्या नकळत गुळाचा खडा टाकला. झालं, काळीकुट्ट काकवी. दुसऱ्या खेपेला त्या लसूण ठेचून घेऊन आल्या. "अंबाडीले लसूण नही? मंग ती अंबाडी कसानी?" त्यांचंही बरोबरच होतं. त्यांच्या साठ वर्षांत अंबाडी बिनलसणाची चुलीवरून उतरली नव्हती. त्यांना आवरण्यात आमचा वेळ गेला आणि जेली इतकी आटली की पळी पातेल्यात उभी राहिली. ती काढायला गड्याला बोलवावं लागलं.

तिसऱ्या वेळी सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आणि जेली जमली. प्रमिलेनं वाटी थाळीत उलटी केली. जेली उभी राहिली, लाल, आरपार दिसणारी, आणि बोट लावलं की थरथरायची. प्रमिलेनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? चटणीच्या फुलांतून एवढी देखणी वस्तू निघेल असं वाटलं नव्हतं.

ऐन मार्गशीर्षात, कडाक्याच्या थंडीत पाहुणे आले. नाना, अभिमन आणि पुढं पुढं करणारे झुलालमामा. नानांनी ओसरीवर बसल्या बसल्या एक छोटं भाषण केलं. मुलगी पाहण्याची पद्धत रानटी आहे, मुलगी म्हणजे काय बाजारातली गाय आहे, असं ते म्हणाले. मग प्रमिलेला चालून दाखवायला सांगितलं.

पंगत बसली. पुरणपोळ्या, आमटी, भात, वडे. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. सुनेनं पाहुण्यांपुढं यायची आमच्यात रीत नाही. सगळ्यांत शेवटी प्रमिलेनं प्रत्येकाच्या ताटात मधोमध जेली उतरवली. ताट हललं की ती हलत होती. नाना तिच्याकडं टक लावून बघत होते. त्यांनी जेली उभ्या जन्मात पाहिली नव्हती, हे मला दाराआडूनसुद्धा दिसलं. ही चावायची, गिळायची की नमस्कार करायचा, हे त्यांना कळेना. तिघंही एकमेकांकडं बघत थांबले, की पहिला घास दुसऱ्यानं घ्यावा.

ते थांबलेले बघून आबांना वेगळीच शंका आली. आमच्याकडं याहीच्या, म्हणजे व्याह्याच्या, ताटात घरधन्यानं स्वतःच्या हातानं तुपाची धार धरायची असते. पाहुणा ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणेपर्यंत धार थांबवायची नाही. तूप वाढल्याशिवाय पाहुणा घास उचलत नाही. आबांना वाटलं, नाना तुपासाठी अडलेत.

"नवी जिन्नस कोरडीच वाढी दिधी?" ते आत येऊन सासूबाईंवर डाफरले. "याहीना ताटमा तूप नही पडनं तर गावमा नाक कटी जाई." थंडीनं गोठू नये म्हणून तुपाचं तपेलं चुलीवरच होतं. आबांनी ते फडक्यानं धरलं. मी पदर तोंडात धरून "आबा, आबा" करत राहिले. सुनेचा आवाज सासऱ्याला ऐकू जायचा नसतो, म्हणून त्यांना तो ऐकू गेला नाही.

धुरावलेल्या तुपाची जाड धार बरोबर जेलीच्या डोक्यावर पडली. नानांना वाटलं, विलायती पदार्थ असाच खात असतील, म्हणून त्यांनी हात आडवा धरलाच नाही. आबा थांबेनात आणि नाना थांबवेनात. जेली आधी एका बाजूनं कलली, मग मध्येच बसली, मग तिचा लाल रस्सा होऊन पुरणपोळीखाली शिरला. वर तुपाचा तवंग. प्रमिला हातात रिकामी वाटी घेऊन भिंतीला टेकली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

नानांनी तो रस्सा भाताशी कालवला, एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! अस्सल!" ते म्हणाले. "मडमेच्या हातची अगदी अशीच असते."

अभिमन पुण्याला कॉलेजात होता. त्यानं जेली कधीतरी खाल्ली असावी, कारण त्यानं ताटाकडं बघून तोंड उघडलं. नानांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि भात कालवायला घेतला. तेवढ्यावरून मी जावईबापूंची परीक्षा करून टाकली.

हात धुऊन पाहुणे पानसुपारीला बसले. नाना खुशीत होते. मुलगी पसंत आहे, माघात तिथी धरू, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. झुलालमामांनी मिशीवरून हात फिरवला. सगळं जमलं होतं. तेव्हा प्रमिला ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि खाली मान घालून, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाना, एक विचारू का? लग्नानंतर मला ट्रेनिंगला जाता येईल ना? मला मास्तरीण व्हायचं आहे."

नाना हसले. मायेनंच हसले, वाईट माणूस नव्हे तो. "अगं वेडे," ते म्हणाले, "आता शिकायचं काय राहिलं आहे? जेली येते की तुला!"

ओसरीवर सगळे हसले. मला आत रडू आलं. पोरगी इतके दिवस ज्या दारासाठी धडपडत होती, ते दार उघडलं आणि आत नुसती भिंत निघाली.

प्रमिला वळून स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, माझ्या गळ्यात पडून रडेल. तिनं फडताळातली शेवटची भरलेली वाटी घेतली, थाळी घेतली आणि बाहेर गेली. नानांच्या पुढ्यात बसून तिनं वाटी थाळीत उलटी केली. जेली सुटली आणि उभी राहिली.

"जेली ही आहे, नाना," ती म्हणाली. "तुम्ही खाल्लीत ती बिघडलेली होती. तूप पडून विरघळली. मडमेच्या हातची तशी नसते, कुणाच्याच हातची नसते. ठाऊक नव्हतं तर विचारायचं. आम्हीही विचारूनच शिकलो."

थाळीत जेली तेवढी थरथरत होती. नाना तिच्याकडं बघत होते आणि त्यांचा रंग हळूहळू जेलीवर जात होता. शेवटी त्यांनी उपरणं झटकलं आणि मामांकडं वळले.

"मुलगी छान आहे, झुलालराव," ते म्हणाले. "पण जरा जास्तच शिकलेली आहे. आमच्या घरात निभायची नाही."

एवढं बोलून स्त्रीशिक्षणाचा कैवारी दमणीत बसला. जाताना अभिमननं एकदा मागं वळून बघितलं. त्यात त्याचं सगळं धैर्य खर्ची पडलं असावं. दमणी वेशीबाहेर गेली तशी सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "काय व माय! पोरनं वाटोळं व्हयनं!" मामांना रागही येत होता आणि भूकही राहिली होती, म्हणून ते पुरणपोळी खात खात प्रमिलेला बोल लावत होते. सातवी शिकवली तिथंच चुकलं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आबा खांबाला टेकून बसले होते. तूप आपण ओतलं आणि घडलं ते त्यातून घडलं, एवढं त्यांना कळलं होतं. बाकीचं ते जुळवत होते. त्यांनी प्रमिलेला जवळ बोलावलं. ती समोर जाऊन उभी राहिली. आता थोबाडीत बसते की काय, म्हणून मी रीत सोडून दाराबाहेर आले.

"तुले शिकनं व्हतं?" आबांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मंग त्या धुळाना माणूसले इचारं. मले कसाले नही इचारं?"

इतका वेळ न रडलेली पोर तेव्हा रडली. रडता रडताच म्हणाली, "तुम्ही कधी भाषण दिधं नही ना, आबा."

मामा खायचे थांबले. आबा उठले, डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी नीट बसवलं आणि घसा खाकरला.

"आते देस भाषण," ते म्हणाले. "जाय. शिक."

आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.