उलटा काटा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी काटा अर्ध्यावर आला. सव्वासातला तो एक तृतीयांशावर होता. मधल्या चार तासांत जुनी निळी गाडी गावाभोवती पस्तीस किलोमीटर फिरली होती आणि टाकीत कोणी थेंबही टाकला नव्हता. ज्यांना आत बसायला जागा मिळाली नव्हती ते काचेला नाक लावून काटा बघत होते. पुढच्या सीटवर काटेबाबा डोळे मिटून बसले होते. गाडी धावते तसं पेट्रोल वाढतं, हे जगाला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं.

"पेट्रोल हे शरीर," बाबा म्हणाले, "आणि काटा हा आत्मा. शरीर रिकामं होत जातं, तसा आत्मा भरत जातो."

लोकांनी माना डोलावल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या मीटरताईला मात्र हसू आवरेना. बाबांच्या तोंडून चुकून खरं निघालंय की काय, असा तिला पहिला संशय आला तो इथे.

मीटरताई बाजारातल्या गल्लीत दाब मोजणारी, वेग मोजणारी, वजन मोजणारी यंत्रं दुरुस्त करायची. काटा दिसला की तो कुठल्या तारेला बांधलाय, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एरवी असल्या तमाशाकडे तिने पाठ फिरवली असती. पण गाडी तिच्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंची होती, आणि बहिणीचे दिवस भरले होते.

सासरे जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची गाडी वर्षभर शेडमध्ये पडून होती. सासूबाईंनी ती मेकॅनिककडून चालू करून घेतली, आणि त्याच दिवसापासून काट्याचा हा नखरा सुरू झाला. बाबा तेव्हा गावात नव्यानेच आले होते. त्याआधी ते घड्याळं विकत, असं कोणी सांगे. काहीच विकत नसत, असंही कोणी सांगे. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की टाकी यजमान भरताहेत. झालं. पुढची खोली बाबांची झाली, त्यामागची त्यांच्या शिष्याची. आता गाडी आश्रमाला देण्याची बोलणी चालू होती. आश्रम कुठे आहे, हे विचारणं अश्रद्धेचं लक्षण मानलं जाई.

दिवसभर चौदा फेऱ्या. संध्याकाळपर्यंत काटा पूर्ण भरलेला. मग गाडीवर पांढरी चादर पडे, शिष्य तिला विश्रांतीला शेडमध्ये नेई आणि दार लावून घेई. सकाळी काटा पुन्हा खाली. रात्रीत पेट्रोल पितं कोण, असं एका न्हाव्याने विचारलं, तर गाडी रात्रभर उपास करते, असं उत्तर मिळालं. न्हावी म्हणाला, आपल्यापेक्षा गाडी बरी, आपण उपास केला तर सकाळी काटा आणखी खाली. लोकांनी त्याला गप्प बसवलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बहिणीची वार गर्भाशयाच्या तोंडावर आडवी आली होती. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी दहाची शस्त्रक्रिया ठरवली होती, आणि कळा सुरू होण्याची वाट बघू नका, अशी ताकीद दिली होती. मोठं रुग्णालय नव्वद किलोमीटरवर. मध्ये डोंगर, त्यात एकही पंप नाही आणि निम्म्या रस्त्यावर फोन लागत नाही. बाबांनी जाहीर केलं की सून यजमानांच्या गाडीतूनच जाईल, एक थेंब न भरता. ते स्वतः मात्र जाणार नव्हते. त्यांची शक्ती पुढच्या खोलीतूनच चांगली पोहोचत असे.

बुधवारी सकाळी ताई गेली तेव्हा काटा पूर्णावरच होता. आज उपास नाही? तिने शिष्याला विचारलं. गुरुवारसाठी कृपा आता उतरत नाही, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. त्याच्या बोटांना पेट्रोलचा वास नव्हता. काल सकाळी होता.

ताई सरळ मेकॅनिककडे गेली.

"टाकीत पेट्रोल मोजतो तो तरंगा तूच बदललास ना? कुठल्या गाडीचा घातलास?"

तो स्पॅनर पुसत राहिला. जुना सडला होता. तसला आता मिळत नाही. भंगारात दुसऱ्या कंपनीचा मिळाला. "पाच स्क्रूंची पाच भोकं अशी चपखल बसली, ताई. म्हटलं, जुळलं."

"भोकं जुळली. बाकीचं?"

"मला चार दिवसांतच शंका आली होती," तो म्हणाला. "पण तोवर लोक माझ्या दुकानाचे फोटो काढायला लागले."

पाच वाजता शेवटची फेरी संपली. चादर पडायच्या आत ताई डिकीपाशी उभी राहिली. गर्दी होतीच. बाबांनी तिला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. संशयी हाताने स्पर्श केला तर यजमान रुसतील, असं ते सासूबाईंना म्हणाले.

ताईने बाबांकडे बघितलंही नाही. "काकू, काका या काट्यावर कधी भरवसा ठेवायचे?"

सासूबाई स्वतःच वाकल्या आणि डिकीतल्या सतरंजीखालून एक लाकडी पट्टी काढली. तिच्यावर चाकूने खाचा केलेल्या होत्या, प्रत्येकीशेजारी सासऱ्यांच्या अक्षरात आकडा. पाच, दहा, पंधरा, वीस. लांबच्या प्रवासाआधी ते ही पट्टी टाकीत बुडवून बघत. चाळीस वर्षं.

"तुम्हीच बुडवा," ताई म्हणाली.

पट्टी वर आली. फक्त टोक ओलं होतं, पाचाच्या बरंच खाली. आत तीन लिटरही नव्हतं. समोर काटा पूर्णावर.

ताईने पाच स्क्रू काढले आणि तरंगा बाहेर घेतला. एका दांड्याच्या टोकाला हलका डबा, वायर तशीच जोडलेली. न्हाव्याला तिने काट्यासमोर बसवलं. डबा हाताने वर उचलला, म्हणजे टाकी भरली.

"काटा खाली आला," न्हावी ओरडला.

डबा सोडला, म्हणजे टाकी रिकामी.

"पूर्ण भरली!"

एक बाई तोंडावर पदर धरून हसली, आणि मग बरेच हसले.

ताईने समजावलं ते सोपं होतं. काटा टाकीत डोकावत नाही. तो तारेतून येणारा विजेचा अडथळा मोजतो. या गाडीच्या काट्याला शून्य ओहम म्हणजे रिकामं आणि नव्वद म्हणजे भरलेलं. भंगारातला तरंगा उलट्या भाषेचा: भरलेल्या टाकीला तेहेतीस सांगतो, रिकाम्या टाकीला दोनशे चाळीस. म्हणून काठोकाठ भरली की काटा एक तृतीयांशावर, आणि टाकी अर्ध्यावर यायच्या आधीच तो पूर्णावर जाऊन चिकटतो. तिथून पुढे टाकी कोरडी पडली तरी हलत नाही.

"रोज संध्याकाळी चादरीआड हे टाकी भरायचे. सकाळी काटा खाली आलेला दिसायचा तो त्यामुळे. काल मुद्दाम भरली नाही. आजही भरणार नव्हते. भरली असती तर उद्या निघताना काटा खाली दिसला असता आणि तुम्ही सुनेला पाठवलं नसतं. पंचवीस किलोमीटरवर गाडी बंद पडली असती, काकू. डोंगरात."

शिष्य शेडच्या मागच्या दाराने गेला. बाबा मात्र उभे राहिले, त्याला वेगळीच कातडी लागते. गाडीचं पोट फाडलं म्हणून शक्ती गेली, असं ते म्हणाले.

"शक्ती गेली तर काटा अजून का नाचतोय?" ताईने डबा पुन्हा उचलला. "बाबा, तुम्ही धरा. तुमच्या हातातही असाच नाचेल. कोणाच्याही हातात नाचेल, म्हणून तर हा चमत्कार नाही." मग ती लोकांकडे वळली. "मी सांगते म्हणूनही मानू नका. एकेकाने या आणि उचलून बघा. पण उद्यापासून कोणी काटा दाखवला, तर तो कुठे जोडलाय तेवढं विचारा."

सातआठ जण पुढे आले. बाकीचे घरी गेले. त्यातले काही ताईवरच चिडलेले होते.

ताईने तरंगा परत बसवला तोवर सासूबाई पट्टीवरचे आकडे बघत बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "पंपावर जा. काठोकाठ भर."

गुरुवारी पावणेसहाला गाडी निघाली. टाकी भरलेली, काटा एक तृतीयांशावर. सासूबाईंनी त्यावर कागद चिकटवला होता. बहीण मागे आडवी, लाकडी पट्टी तिच्या उशाशी.

बाबा आठच्या बसने गेले. शेजारच्या गावात एका पाणपोईचं मीटर उलटं फिरतं, असं दुपारपर्यंत ऐकू आलं.

बहिणीच्या नवऱ्याचा फोन साडेआठला आला. पोहोचलो, पट्टीने मोजलं, निम्म्याच्या वर शिल्लक आहे. पावणेदहाला त्याने कळवलं की तिला आत नेलंय आणि आई बाहेर बाकावर बसलीये. साडेअकराला ताईने फोन लावला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार अजून उघडलेलं नव्हतं.